लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : पाहिलं, भोगलं, तेच लिहिलं

भल्या पहाटे नालासोपारा-विरारची लोकल पकडून मुंबई गाठणारी आपली माणसं. यातली कितीतरी घरं आधी गाव सोडून मुंबईच्या चाळी-झोपडपट्टीत आली आणि पुढे जागा परवडेना म्हणून इकडे वसली. अशा जगण्यात लिहिण्यासारखं ते काय, असं आपल्या तरुण मुला-मुलींना वाटतं. त्यांनी अण्णाभाऊंचं जीवन जरूर समजून घ्यावं.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचं मूळ नाव. १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्रज सरकारने या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता. शाळा घडली ती जेमतेम दीड दिवस. पुढे आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. कोळसा उचलला, ओझी वाहिली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं हीच त्यांची अंकलिपी झाली.

कामगार चळवळीतून ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातली गणेशवंदना बाजूला ठेवून त्यांनी मायभूमीला वंदन केलं. राजा-राणीच्या जागी कामगार आणि शेतकरी उभा केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने गिरणगाव हलवून सोडलं.

घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचताना आजही अंगावर काटा येतो. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा पोटासाठी मढ्यांची राख चाळून सोन्याचे कण शोधतो. एके रात्री मढ्याच्या जबड्यात अडकून हाताची बोटं गमावतो, आणि लगेच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते! असा भीमा पुस्तकं वाचून सुचत नाही. त्याच्या शेजारी राहावं लागतं.

१९५९ ची 'फकिरा' ही कादंबरी वाटेगावच्याच मातीतली. दुष्काळात आपल्या माणसांना जगवण्यासाठी इंग्रजांशी झुंजलेल्या वीराची ती कहाणी. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी रशियाचा प्रवास केला.

अण्णाभाऊ बौद्ध नव्हते, मग विहाराच्या स्मरणिकेत ते कसे, असं कुणी विचारील. पण १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनीच केलं. बाबासाहेबांवरचं त्यांचं कवन तर आपल्या प्रत्येक जयंतीला गायलं जातं. या माणसाला एका जातीच्या चौकटीत कोंडणं म्हणजे त्याचं लेखनच नाकारणं होय.

१८ जुलै १९६९ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, हालअपेष्टांत त्यांचा अंत झाला. आज चौकाचौकांत पुतळे आहेत, २००२ साली टपाल तिकीटही निघालं. पण जिवंतपणी समाजाने त्यांना सांभाळलं नाही, ही खंत राहतेच. आपल्या वस्तीतही कुणी वहीत कविता लिहीत असेल, कुणी भिंतीवर चित्र काढत असेल, कुणी ढोलकीवर थाप मारत असेल. त्याच्या पाठीवर आजच हात ठेवू या. तेच अण्णाभाऊंना खरं अभिवादन ठरेल.