ठिणगीचा कारखानदार आणि डिझेलचा पंप

डिझेल ट्रकचा फिल्टर बदलल्यावर जाणता मेकॅनिक लगेच चावी फिरवीत नाही. इंजिनाच्या अंगाला असलेला छोटा हातपंप तो आधी दाबत राहतो, फिल्टरवरचा एक स्क्रू सैल करतो आणि तेथून फेसाळ डिझेल वाहू देतो. गॅरेजच्या भाषेत याला एअर काढणे म्हणतात. हा खटाटोप ज्या इंधनपंपासाठी करावा लागतो, त्याचे कारखान्यातून नियमित उत्पादन जर्मनीतील स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२७ साली सुरू केले. नवल असे की, तोवर बॉश यांचे सारे वैभव ठिणगीवर उभे होते. आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी उल्म शहराजवळील आल्बेक गावी झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडील शेती करीत आणि खानावळ व उतारशाळा चालवीत. उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रे बनविणाऱ्या कारागिराकडे रॉबर्टने उमेदवारी केली. पण त्या मालकाचे शिकविण्याकडे फारसे लक्ष नव्हते. ही खंत त्यांच्या मनात राहिली असावी, कारण पुढे १९१३ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र कार्यशाळा काढली. १८८४ मध्ये ते अमेरिकेत गेले, एडिसन यांच्या कारखान्यात राबले, नंतर इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे काही काळ राहिले आणि १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये स्वतःचे दुकान थाटले. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा, एवढाच लवाजमा होता.

पहिली काही वर्षे ओढगस्तीची गेली. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकासाठी त्यांनी इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बनविला आणि दहा वर्षांनी तो मोटार वाहनावर बसविला. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग सिद्ध केला, तेव्हा बॉश हे नाव जगभर पोहोचले. १९०६ मध्ये त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. इतर कारखानदार त्यांना लाल बॉश म्हणून हिणवीत.

पहिल्या महायुद्धाने परदेशातील व्यवसाय हिरावून घेतला. अमेरिकेतील मालमत्ता तर जप्तच झाली. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने त्यांचा तरुण मुलगा गेला. एकसष्टी गाठलेल्या माणसाने अशा वेळी जे आहे ते सांभाळीत बसावे, हे स्वाभाविक ठरले असते. बॉश यांनी १९२२ च्या अखेरीस डिझेल इंजिनासाठी इंधनपंप बनविण्याचा निर्णय घेतला. हे इंजिन ट्रकवर आले की त्या ट्रकला मॅग्नेटोची गरज उरणार नव्हती. म्हणजे आपल्याच मालाचे गिऱ्हाईक कमी करणाऱ्या यंत्राला ते हातभार लावीत होते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत धाडसी निर्णय होय.

अडचण होती ती हवेची. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात इंधन सिलिंडरमध्ये फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरीत. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर एवढा अवजड होता की, हे इंजिन कारखान्यांत आणि जहाजांतच अडकून पडले. त्याला रस्त्यावर आणायचे तर हवेला रजा देऊन निव्वळ डिझेल दाबाने नोझलमधून फवारायला हवे होते. तेही दर फेरीला थेंबभर, नेमके मोजून आणि नेमक्या क्षणी. अशा पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांमधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढीच ठेवावी लागते. मॅग्नेटो घडविताना हात बसलेल्या कारागिरांना हे जमले. मध्यंतरी १९२६ मध्ये मंदीने कारखाना हादरला, कामगार कमी करावे लागले. तरी पंपाचे काम थांबले नाही.

फिल्टर बदलल्यावर हातपंप का दाबायचा, याचे उत्तर या घडणीत आहे. डिझेल दाबले तरी फारसे आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा राहिला की दट्ट्याची सारी धाव तो बुडबुडा आवळण्यात खर्च होते. नोझल उघडण्यास वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब लागतो. तेवढा दाब तयारच होत नाही. स्टार्टर घरघरतो, बॅटरी उतरते आणि ट्रक जागचा हलत नाही. म्हणून आधी फिल्टरवरची, मग पंपावरची हवा काढायची, बुडबुडे थांबून सलग धार आली की ती वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. तरीही इंजिनाने दाद दिली नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित सैल करून इंजिन फिरवायचे. हा झाला जुन्या धाटणीच्या पंपाचा रिवाज. आजच्या कॉमन रेल इंजिनात दाब कितीतरी अधिक असतो. तेथे त्या नळ्यांना हात लावणे जिवावर बेतू शकते. अनेक गाड्यांत हवा काढण्याचे काम विजेचा पंपच करतो.

बॉश यांची अखेरची वर्षे मात्र सुखाची नव्हती. नाझी राजवटीबद्दल त्यांना तिटकारा होता; हिटलरविरोधी गटातील कार्ल ग्योर्डेलर यांना १९३७ मध्ये त्यांनी सल्लागार नेमून आसरा दिला, छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली. त्याच वेळी त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवीत होते आणि युद्धकाळात तेथे हजारो परदेशी माणसांना सक्तीने राबविले गेले. चरित्रकारांना या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावे मांडाव्या लागतात. १२ मार्च १९४२ रोजी ते वारले, तेव्हा ज्या सरकारचा त्यांनी मनोमन तिरस्कार केला, त्यानेच त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला. त्यांच्या इच्छेला धरून पुढे कंपनीतील बहुतांश मालकी लोकोपयोगी कार्य करणाऱ्या प्रतिष्ठानाकडे गेली.

आपल्याकडे हे पंप आणि नोझल मायको या नावाने ओळखीचे झाले. मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये बंगळूरला निघाली, पुढे नाशिकच्या सातपूर भागातही तिचा कारखाना आला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. नाशिककर मात्र चौकाला अजूनही मायको सर्कलच म्हणतात.