पंडिता रमाबाई : एका दुष्काळातून दुसऱ्या दुष्काळाकडे



रमाबाईंवर परीक्षेत प्रश्न येतो तो शारदा सदनाच्या सालाचा. मुलं 1889 लिहितात, गुण मिळतात, विषय संपतो. यंदा मात्र वर्गातल्या एका मुलीने विचारलं, की बाई, त्यांनी परक्यांच्या एवढ्या मुली का सांभाळल्या? आमच्या उत्रोलीसारखंच त्यांचं केडगावही पुणे जिल्ह्यातलंच, पण उत्तर देताना मीच अडखळले. म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने लेकीला. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकलं, झाडपाला खाल्ला. आधी वडील गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उत्तरेपर्यंत पायी फिरली. थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत. ज्या देवांची पुराणं आयुष्यभर सांगितली त्यांच्यावरचा विश्वास तिथेच उडाला.

पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख टिकेना. भाऊ गेला. 1880 मध्ये बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झालं आणि दीड वर्षातच पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी जवळ करतात हे त्यांनी पाहिलं. हे कशामुळे, याचा शोध घेताना शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो ती गोष्ट त्यांना सांगितली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण लगेच शांती मिळाली असं नाही. पुढची काही वर्षं मन अस्वस्थच होतं, भरवसा सावकाश बसला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. (पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी.) 1893 मध्ये मुलींना बाटवतात असा गवगवा झाला. रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाजूला झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार लावून करत नसत. पण त्या डगमगल्या नाहीत.

खरी कसोटी 1896 च्या दुष्काळात लागली. अमेरिकेतल्या मंडळाने मदत कबूल केली होती ती 10 वर्षांपुरती आणि मुदत संपत आलेली. अशा वेळी कुणीही हात आखडता घेतला असता. रमाबाई मात्र मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी मुलींमध्ये त्यांना वीस वर्षांपूर्वीची रमाच दिसली असणार. त्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तेच मुक्ती सदन. पैसा कुठून येईल ठाऊक नव्हतं. देव पुरवील एवढ्यावर सगळा कारभार! 1900 च्या सुमारास तिथे सुमारे दोन हजार मुली-बायका होत्या. पण नुसती प्रार्थना नव्हती हं. शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायकाच चालवायच्या. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणायला घेतलं, शेतातल्या बाईलाही कळावं म्हणून. काम चालू असतानाच 1921 मध्ये मनोरमा गेली. आईने काम थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी.