दिमित्री इवानोविच : मुकुट लाभलेला बंदिवान



रशियाच्या इतिहासात दिमित्री नावाचे अनेक राजपुरुष होऊन गेले. त्यांपैकी एकाला इतिहास ‘व्नुक’, म्हणजे ‘नातू’, या उपनामाने ओळखतो. आजोबांशी असलेले नाते हीच ज्याची कायमची ओळख ठरली, अशा या राजपुत्राचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत. त्याला जे मिळाले ते आजोबांच्या इच्छेने मिळाले आणि जे गेले तेही त्याच इच्छेने गेले, हे सूत्र वाचताना ध्यानात ठेवा.

जन्म आणि वारसाहक्काचा पेच

दिमित्रीचा जन्म १० ऑक्टोबर १४८३ रोजी झाला. मॉस्कोचा अधिपती इव्हान तिसरा हा त्याचा आजोबा. वडील इव्हान हे या अधिपतीचे थोरले पुत्र, तर आई येलेना ही मोल्दाव्हियाचा राजा स्टीफन याची कन्या. मार्च १४९० मध्ये वडील वारले, तेव्हा दिमित्री अवघा सहा वर्षांचा होता.

इव्हान तिसऱ्याने प्रथम पत्नीच्या निधनानंतर, १४७२ मध्ये, बायझंटाईन राजघराण्यातील सोफियाशी विवाह केला होता. तिचा पुत्र वासिली १४७९ मध्ये जन्मला. आता गादी कोणाची? दिवंगत थोरल्या पुत्राच्या मुलाची, की हयात असलेल्या धाकट्या पुत्राची? भावामागून भावाने राज्य करावे ही रशियातील जुनी रूढी. बापामागून मुलाने यावे ही रीत अद्याप पुरती रुजली नव्हती. याच वादातून इव्हानच्या वडिलांना काका व चुलतभावांशी दीर्घकाळ झुंजावे लागले आणि १४४६ मध्ये विरोधकांनी त्यांचे डोळे काढले. इव्हान तेव्हा लहान मुलगा होता. घरातल्या भाऊबंदकीची किंमत त्याला अशी बालपणीच कळली होती.

राज्याभिषेक

डिसेंबर १४९७ मध्ये वासिलीच्या बाजूने रचलेला कट उघडकीस आला. सहा जणांना गोठलेल्या मॉस्कवा नदीवर ठार करण्यात आले. वासिली नजरकैदेत पडला, सोफियावर पतीची इतराजी झाली. ४ फेब्रुवारी १४९८ रोजी क्रेमलिनमधील उस्पेन्स्की कॅथीड्रलमध्ये चौदा वर्षांच्या दिमित्रीच्या मस्तकी मोनोमाखचा मुकुट चढला. बायझंटाईन धर्तीचा असा सोहळा रशियात प्रथमच होत होता. रूढीने न सुटलेला प्रश्न धर्मविधीने कायमचा मिटवावा, असा त्यामागील हेतू दिसतो.

उलटलेले दैव

परंतु ज्या हाताने मुकुट दिला, तोच हात तो काढूनही घेऊ शकत होता. वर्षभरातच दरबारातील काही बडे सरदार शिक्षेस पात्र ठरले आणि मार्च १४९९ मध्ये वासिलीला नोव्हगोरोद व प्स्कोव्हचे अधिपतिपद मिळाले. ११ एप्रिल १५०२ रोजी दिमित्री व येलेना यांना कैद झाली. तीन दिवसांनी वासिली मॉस्कोचा सहअधिपती झाला. या बदलाच्या कारणांविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

एक तपशील मात्र भाषेच्या अभ्यासकाने अवश्य टिपावा. चर्चमधील प्रार्थनेत दिमित्रीचे नाव घेण्यास मनाई झाली. ज्याचे नाव प्रार्थनेत उच्चारले जाई, तोच प्रजेच्या लेखी राजा. नाव वगळले की राजपदही संपले.

अखेर

जानेवारी १५०५ मध्ये येलेना कैदेतच वारली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला इव्हानही निवर्तला. मृत्युशय्येवर त्याने पश्चात्ताप होऊन नातवाला बोलावले, असे हर्बरस्टाईन हा परदेशी वकील सांगतो. पण तो मॉस्कोला प्रथम आला १५१७ मध्ये, म्हणून ही ऐकीव वार्ता समजावी. नव्या राजाने, म्हणजे काकाने, पुतण्याला सोडले नाही. १४ फेब्रुवारी १५०९ रोजी, पंचविसाव्या वर्षी, दिमित्री बंदिवासात मरण पावला. त्याचे दफन मात्र राजकुळाच्या अर्खांगेल्स्की कॅथीड्रलमध्ये झाले.

१५४७ मध्ये वासिलीचा पुत्र इव्हान चौथा ‘झार’ म्हणून अभिषिक्त झाला, तेव्हा त्या सोहळ्याला आधार होता तो १४९८ च्या विधीचाच. नातवासाठी योजलेला विधी अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याच्या पुत्राच्या कामी आला.

विचार करा : या चरित्रात दिमित्रीने स्वतः घेतलेला एकही निर्णय आढळत नाही. अशा व्यक्तीचे चरित्र लिहिताना चरित्रकाराने कशाचा आधार घ्यावा? आपले उत्तर दहा ओळींत लिहा.