पाचपैकी चार गोलांचा मानकरी

आघाडीचा फुटबॉलपटू हंगामाच्या उत्तरार्धात कितपत भरात आहे, हे ठरविताना आज त्याचे गोल आणि ‘असिस्ट’ असे दोन रकाने तपासले जातात. नेव्हिल डिसूझा यांच्या नावापुढे त्यातील एकच रकाना भरलेला आहे. गोलसाठी पास कोणी दिला, याची अधिकृत नोंद ठेवण्याची पद्धत त्या काळी नव्हती. तरीही 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील त्यांच्या कामगिरीचे मोल जोखण्यास तो एक रकाना पुरेसा ठरतो.

1932 मध्ये जन्मलेले नेव्हिल मूळचे गोव्यातील आसगावचे. त्यांची फुटबॉलची कारकीर्द मात्र मुंबईत बहरली. आंतरकंपनी स्पर्धा पाहणाऱ्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कामगारवर्गाला जवळची वाटावी अशीच ही वाटचाल होती. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि पुढे कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून ते खेळले. 1954 च्या हंगामात मुंबईने प्रथमच संतोष करंडक जिंकला, त्या यशात त्यांचा वाटा होता. 1958 मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडक पटकाविला.

मेलबर्नला सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली आणि समर बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ उतरला. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. 1 डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल यांनी हॅट्ट्रिक साधली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. चौथा गोल किट्टू यांनी केला. 4-2 अशा विजयासह भारत ऑलिम्पिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई देश बनला.

4 डिसेंबरला युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धात पहिला गोल पुन्हा नेव्हिल यांचाच होता. ही आघाडी काही मिनिटेच टिकली आणि भारत 1-4 असा पराभूत झाला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 अशी मात केली. तीन सामन्यांत तीन, एक आणि शून्य असे नेव्हिल यांचे गोल झाले.

वरवर पाहता ही उतरती भाजणी वाटते. मात्र निव्वळ गोलांवरून फॉर्म जोखण्यातील त्रुटी येथेच दिसते. पहिल्या सामन्यानंतरचे दोन्ही प्रतिस्पर्धी अधिक बलाढ्य होते. मधल्या फळीकडून चेंडूच मिळेनासा झाला की निष्णात आघाडीवीरही हतबल होतो. म्हणूनच गोल किती, यापेक्षा संघाच्या एकूण गोलांत वाटा किती, हा निकष अधिक न्याय्य ठरतो.

त्या स्पर्धेत युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचे दिमितार मिलानोव आणि नेव्हिल या तिघांनी प्रत्येकी चार गोल करून अग्रस्थान विभागून घेतले. तिघांच्याही नावावर एकेक हॅट्ट्रिक होती आणि तिघांचेही संघ तीनच सामने खेळले. युगोस्लाव्हियाने एकूण 13 गोल केले, बल्गेरियाने 10 आणि भारताने अवघे पाच. त्या पाचपैकी चार नेव्हिल यांचे होते. वेसेलिनोविच आणि मिलानोव यांचा प्रत्येकी एक गोल भारताविरुद्धच झाला होता, हाही योगायोगच.

देशाने या कामगिरीची दखल मात्र बेताचीच घेतली. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, परंतु त्याच्या मानकऱ्यांत नेव्हिल यांचे नाव कधीच आले नाही. 1980 मध्ये, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, त्यांचे निधन झाले. भारतीय फुटबॉल संघ त्यानंतर ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीपर्यंत पुन्हा पोहोचू शकलेला नाही. पाचपैकी चार, हा त्यांचा हिशेब म्हणूनच आजही लक्षात ठेवावा असा आहे.