लोकशाहीर अण्णा भाऊ साठे : हजेरीपासून लेखणीपर्यंत

वारणा आणि कृष्णा या दोन नद्यांच्या मुलखात, वाळवा तालुक्यात वाटेगाव नावाचे गाव आहे. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. या गावाच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी भाऊराव आणि वालूबाई साठे यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव तुकाराम ठेवण्यात आले. पुढे कामगारांनी आणि श्रोत्यांनी त्याला अण्णा भाऊ केले आणि तेच नाव महाराष्ट्राच्या ओठी राहिले.

या जन्माची एक आठवण साठे कुटुंबात सांगितली जात असे आणि अण्णा भाऊंनी ती स्वतः नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या नात्यातील फकिरा नावाचा बंडखोर इंग्रजांचा खजिना लुटून त्या सुमारास वाटेगावी आला होता. बाळंतिणीच्या घरी अन्नाची ददात होती. फकिराने दोन ओंजळी सुरती रुपये त्या घरात ठेवले आणि तो निघून गेला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर होता, तर वाटेगावच्या त्या झोपडीत तो संकटकाळी धावून आलेला आप्त होता. एकाच माणसाची ही दोन रूपे अण्णा भाऊंना जणू जन्मासोबत मिळाली. यांपैकी खरे कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या बहुतेक साहित्यात सापडते.

तो काळ मांग समाजासाठी अत्यंत अवमानाचा होता. गावगाड्यात दोर वळणे, केरसुण्या बांधणे, सणासुदीला वाजवणे ही कामे त्यांच्याकडे होती. मोबदला म्हणून शिळेपाके अन्न वाट्याला येई. त्यात इंग्रज सरकारने या समाजाकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहिले. पुरुषांना चौकीवर हजेरी द्यावी लागे. चोरी कोठेही झाली तरी पहिला संशय मांगवाड्यावर येई. स्वतःविषयीची पहिली ओळख पोलिसाच्या वहीतून व्हावी, यासारखे दुर्दैव दुसरे नाही. लहानग्या तुकारामाने हे सारे डोळ्यांनी पाहिले.

शाळेशी त्याचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. अस्पृश्य मुलाला तेथे मिळालेली वागणूक अशी होती की, त्याने शाळेकडे पुन्हा पाऊल वळवले नाही. मात्र शिक्षण थांबले नाही. रानावनात हिंडणे, दांडपट्टा फिरवणे, थोरांच्या तोंडून पोवाडे आणि कथा ऐकणे हेच त्याचे वर्ग झाले. असंख्य गाणी त्याला मुखोद्गत होती.

पुढे गावात पोट भरेना. कुटुंबाने मुंबईची वाट धरली. प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून ते पायी निघाले. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल तेथे रात्र काढावी आणि पुढे चालू लागावे, असा तो प्रवास होता. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने या वाटेवर भूक, ठेकेदार आणि पोटासाठी देशोधडीला लागलेली माणसे जवळून पाहिली. मुंबईत पोहोचल्यावर त्याने कोळसा वेचला, ओझी वाहिली, फेरीवाल्याच्या हाताखाली काम केले, गिरणीत मजुरी केली. या अनुभवांची यादी वाचणाऱ्याला दुःखाची वाटते. अण्णा भाऊंनी मात्र तिचे पुढे भांडवल केले.

महानगराने त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे अक्षर. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती पाहत, एकेक अक्षर जुळवत ते वाचायला शिकले. वाचता येऊ लागल्यावर त्यांनी मिळेल ते वाचले. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की त्यांना विशेष जवळचा वाटला. गॉर्कीनेही लहानपणापासून मजुरी केली होती आणि तळागाळातील माणसे साहित्यात आणली होती. आपल्यासारख्याचे जगणे हाही साहित्याचा विषय होऊ शकतो, हा विश्वास अण्णा भाऊंना या वाचनाने दिला असावा.

माटुंग्याच्या लेबर कॅम्प या कामगारवस्तीत ते कम्युनिस्ट चळवळीच्या संपर्कात आले. त्यांच्या आरंभीच्या गाण्यांपैकी एक गाणे त्या वस्तीतील डासांवर होते. हा तपशील क्षुल्लक नाही. कवितेचा विषय चंद्र-चांदणे असावा, हा संकेत त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. रात्रभर ज्याने झोपू दिले नाही, त्यावर त्यांनी गाणे रचले आणि ऐकणाऱ्या शेकडो कामगारांना ते आपले वाटले.

दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढ्यावर त्यांनी रचलेला पोवाडा गाजला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा फड त्यांनी नात्यातल्या माणसांबरोबर जवळून पाहिला होता. त्याची ताकद आणि त्याची बदनामी दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी तमाशाचे रूप बदलले. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना वंदन आले, गवळण गळाली आणि वगात सावकार, काळाबाजारवाले, संधिसाधू पुढारी उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही त्यांची लोकनाट्ये गावोगावी रंगली. सरकारने या प्रयोगांवर बंदी आणली, यावरूनच त्यांचा परिणाम लक्षात यावा.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरांत पोहोचली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांच्या ताटातुटीची ही कथा. मुंबईतल्या हजारो कामगारांचे ते रोजचे दुःख होते. अण्णा भाऊंनी त्या विरहाला महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव, कारवार, निपाणीच्या विरहाची जोड दिली. ज्याने स्वतः गाव सोडले होते, त्यालाच राजकीय मागणीत ही हुरहूर ओतता आली.

गद्यलेखनातही त्यांनी हाच मार्ग धरला. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा हा खाणीवरचा काम सुटलेला मजूर. कामाच्या शोधात फसलेला हा बलदंड माणूस प्रेतांसोबत पुरलेले सोने शोधण्यासाठी रात्री स्मशाने उकरू लागतो. कोल्ह्यांशी झुंजत असता प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. त्याच सुमारास बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. लेखक भीमाची कीव करत नाही आणि त्याला दोषही देत नाही. ज्या हातांना काम हवे होते, त्या हातांचे काय झाले एवढेच तो दाखवतो. उपाशी माणूस कोणत्या टोकाला जातो हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच असा तोल सांभाळता येतो.

१९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून अण्णा भाऊंनी ती लिहिली. शिगावची जोगणी आपल्या गावात आणण्यासाठी राणोजी मांग प्राण देतो, येथून कथा सुरू होते. त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो. दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून मरू लागतात, आणि दुसरीकडे धान्याची कोठारे भरलेली असतात. फकिरा कोठार फोडून धान्य वाटतो, नंतर सरकारी खजिना लुटतो. सरकार त्याच्या माणसांना, बायकामुलांना डांबून ठेवते. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून स्वाधीन होतो. या कादंबरीत मांगांवर लादलेली हजेरी आहे, तिच्यामुळे झालेला अपमान आहे, आणि अन्यायाच्या वेळी मांगांच्या पाठीशी उभे राहणारे विष्णुपंत कुलकर्णीही आहेत. जातीने माणूस भला किंवा बुरा ठरतो, असे अण्णा भाऊंनी कोठेही मांडले नाही. स्वतःच्या समाजावर तोच शिक्का बसलेला त्यांनी सोसला होता.

‘फकिरा’ने पोलिसाच्या वहीतील नोंद खोडली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. दोन ओंजळी रुपये ठेवून गेलेल्या आप्ताचे ऋण लेखकाने चाळीस वर्षांनी फेडले. वि. स. खांडेकरांसारख्या ज्येष्ठ साहित्यिकाने कादंबरीला प्रस्तावना लिहिली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. ते आयुष्यभर साम्यवादी विचाराचे राहिले आणि त्या पक्षाचे व बाबासाहेबांचे मतभेद सर्वश्रुत होते. तरीही वंचितांच्या हाती लेखणी आली ती कोणामुळे, हे ते विसरले नाहीत. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित, कष्टकऱ्यांच्या हातांवर तोलली आहे, हा त्यांचा विचार तेव्हापासून सर्वत्र पोहोचला.

एवढे यश मिळूनही स्वतःविषयीची त्यांची कल्पना साधी होती. आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी कल्पनेच्या भराऱ्यांबाबत स्वतःला बेडकाची उपमा दिली आहे. जे जगलो, पाहिले आणि अनुभवले, तेच आपण लिहितो, असे ते मानत. वरवर हा विनय वाटतो. खरे तर त्यात स्वाभिमान आहे. आपल्या पायांखालची जमीन साहित्यासाठी पुरेशी आहे, असे ते सांगत होते. म्हणूनच तमाशातील कलावंतीण, खाणीतला मजूर, वडार, कंजारी, मांग हे त्यांचे नायक-नायिका झाले. ज्या अनुभवांची इतरांना लाज वाटली असती, त्यांतूनच त्यांनी आपली ओळख घडवली. तीसहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, लोकनाट्ये, पोवाडे आणि १९६१च्या रशियाभेटीवरील प्रवासवर्णन असा ऐवज त्यांनी मागे ठेवला.

मात्र चरित्राचा शेवट झाकून ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ यांवर चित्रपट निघाले, पुस्तके खपली, पण लेखकाच्या घरी स्थैर्य आले नाही. चळवळीतील सोबती पांगले, संसारात दुरावा आला, व्यसनाने शरीर पोखरले. अखेरच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात एकाकी राहत होते. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांचे निधन झाले. अनुभव लेखकाला घडवतो हे खरे. तो माणसाला झिजवतोही. त्यांच्या गाण्यावर टाळ्या वाजवणाऱ्या समाजाला त्यांची झीज वेळेवर दिसली नाही, ही खंत आपणही बाळगली पाहिजे.

२००२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आज त्यांच्या साहित्यावर विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात आणि शाळेत त्यांचे धडे शिकवले जातात. ज्या मुलाला वर्गात दीड दिवसही नीट बसता आले नाही, त्याचे चरित्र एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत यावे, यात एक औचित्य आहे. वसतिगृहात येणारे प्रत्येक मूल पेटीसोबत घरचे, वस्तीचे, आईबापांच्या कष्टांचे काही ना काही घेऊन येते. पुष्कळदा ते लपवण्याकडे त्याचा कल असतो. अशा मुलाच्या हाती एकदा ‘फकिरा’ द्यावी. त्या पानांत त्याला आपल्यासारखी माणसे भेटतील आणि त्यांच्याविषयी लिहिणारा लेखक त्यांच्यातलाच होता, हेही त्याला कळेल.