पहिल्या क्रमांकाचा वैमानिक

प्रत्येक वैमानिकाजवळ एक नोंदवही असते. तिला लॉगबुक म्हणतात. उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, निघण्याचे व उतरण्याचे ठिकाण आणि विमान किती तास व किती मिनिटे चालविले, हे सारे त्याने त्या वहीत लिहावयाचे असते. शिक्षकाबरोबर केलेल्या उड्डाणाचा रकाना वेगळा, एकट्याने केलेल्या उड्डाणाचा वेगळा. रात्रीचे तास पुन्हा निराळे. आपल्या देशात विमान चालविण्याचा व्यवसाय करावयाचा असेल, तर निदान २०० तासांची बेरीज भरावी लागते. ती पाहून अधिकारी परवाना देतात आणि त्या परवान्याच्या भरवशावर प्रवासी विमानात बसतात.

चाळीस मिनिटांच्या जागी कोणी दोन तास लिहिले, तर वही काही बोलत नाही. परंतु आकाशात ढगांनी वाट अडविली म्हणजे वैमानिकाचा हात खरोखर जेवढा तयार झालेला असेल तेवढाच चालतो. न केलेल्या उड्डाणांचे तास दाखवून परवाने मिळविल्याच्या आरोपावरून २०११ साली आपल्या देशात काही वैमानिकांना अटकही झाली होती. ज्या देशात ही नामुष्की ओढवली, त्याच देशातील पहिल्या वैमानिकाचा हिशेब मात्र अगदी थोड्या तासांपासून सुरू झाला होता.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. लोक त्यांना जे. आर. डी. या नावाने ओळखत. वडील रतनजी हे मुंबईच्या प्रसिद्ध टाटा घराण्यातील पारशी गृहस्थ, तर आई सुझान फ्रेंच होती. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी राहावयास जाई. तेथे त्यांच्या शेजारी लुई ब्लेरिओ यांचे घर होते. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरिओ. त्यांचे विमान समुद्रकाठच्या वाळूवर उतरे, आणि लहानगा जहांगीर ते डोळे भरून पाही. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारावयास मिळाली. आपणही वैमानिक व्हावयाचे, हे त्याने त्याच वेळी मनाशी ठरवून टाकले.

ही इच्छा पुरी होण्यास आणखी नऊ-दहा वर्षे जावी लागली. १९२५ च्या अखेरीस जे. आर. डी. मुंबईस टाटांच्या कचेरीत काम शिकू लागले. पुढे जुहूच्या मैदानावर फ्लाइंग क्लबचे शिक्षण सुरू होताच त्यांनी तेथे नाव घातले. शिक्षकाबरोबर अवघे पावणेचार तास उड्डाण झाल्यावर त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. पावणेचार तास म्हणजे किती थोडा अवधी! परंतु ते पावणेचार तास खरे होते आणि शिक्षकाच्या नजरेसमोर झाले होते. म्हणूनच शिक्षक निश्चिंत मनाने जमिनीवर उभे राहू शकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डीं.ना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता आणि त्यावर १ हा क्रमांक होता.

लवकरच एका स्पर्धेची घोषणा झाली. इंग्लंड व भारत यांमधील प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. स्पर्धक कोणत्याही बाजूने निघाला तरी चालणार होते. १९३० साली तिघे तरुण पुढे आले. मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचे ॲस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून निघाले, तर जे. आर. डी. मे महिन्यात कराचीहून उलट दिशेने निघाले. त्यांचे विमान जिप्सी मॉथ जातीचे होते. बसण्याची जागा उघडी, वारा थेट तोंडावर येई. वाटेत जागोजाग उतरून इंधन घ्यावे लागे.

ईजिप्तमधील अबूकीर येथे जे. आर. डी. उतरले, तेव्हा ॲस्पी तेथे अडकून पडलेले त्यांना दिसले. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. जे. आर. डीं.पाशी जादा प्लग होते. प्रतिस्पर्धी असा आपोआप मागे पडत असता निमूटपणे पुढे निघून जाणे काही कठीण नव्हते, आणि त्यात कोणताही नियम मोडला नसता. जे. आर. डीं.नी आपले प्लग काढून ॲस्पींना दिले. ॲस्पींनी कृतज्ञतेने पाण्यात बुडू न देणारे आपले जाकीट त्यांना दिले, पुढे जे. आर. डीं.ना समुद्र ओलांडावयाचा होता. दोघे दोन दिशांना उडाले.

ॲस्पी काही थोड्या तासांच्या फरकाने आधी पोहोचले व बक्षीस त्यांना मिळाले. मनमोहन सिंगही कराचीस आले खरे. परंतु वाटेत विमान खाली उतरवावे लागल्यामुळे नियमात दिलेली मुदत टळून गेली होती. हे हळहळण्यासारखे होते, यात शंका नाही. तरीही त्यांच्यासाठी मुदतीची तारीख कोणी पुढे सरकविली नाही. जे. आर. डीं.नी आपल्या हरण्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. उलट त्या विजयामुळे ॲस्पींना हवाई दलात जाण्याची वाट मोकळी झाली, याचा त्यांना आनंद वाटे. हेच ॲस्पी इंजिनिअर १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

जे. आर. डीं.चे खरे कार्य पुढेच होते. इंग्लंडहून विमानाने येणारी टपाल कराचीपर्यंत येई. तेथून ती मुंबई व मद्रासकडे विमानाने न्यावी, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मांडली आणि जे. आर. डीं.नी ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. स्वतः टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. विमान पस मॉथ जातीचे, एका इंजिनाचे होते. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. दिशा व अंतर जाणण्यास नकाशा, घड्याळ आणि आकडेमोडीची एक छोटी सरकपट्टी एवढेच साहित्य.

अशा प्रवासात मिनिटाला किती मोल असते, ते पाहा. विमान ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने जात असे. किती वेळ उडालो, यावरूनच आपण कोठे आलो हे ठरवावयाचे. दहा मिनिटांची चूक झाली, तर हिशेब सुमारे २७ किलोमीटरांनी चुके. खाली पाण्यावाचून दुसरे काही दिसत नसताना अशी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून वेळ टिपून ठेवणे हा त्या काळी वैमानिकाच्या प्राणरक्षणाचाच भाग होता.

अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. ते भरून घेऊन जे. आर. डी. दक्षिणेस निघाले. उत्तरेकडून मुंबईस येणाऱ्यास वसईची खाडी लागते. खाडी ओलांडली की भाईंदरची मिठागरे, मग मिरे, काशीगाव ही तेव्हाची लहान लहान गावे आणि थोड्याच वेळात जुहूचा किनारा. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूस उतरले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. भारतातील हवाई वाहतुकीच्या एका मोठ्या संस्थेचा जन्म असा झाला.

जुहूचे मैदान म्हणजे चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. सह्याद्रीवर ढग दाटलेले, त्यांतून टपाल न्यावयाची! तरीही पहिल्या वर्षी एकदाही मद्रासची टपाल उशिरा पोहोचली नाही, अथवा कराचीची गाठ चुकली नाही. सरकारच्या नागरी विमानखात्याने आपल्या अहवालात या वक्तशीरपणाची प्रशंसा केली. ही नोंद कंपनीच्या शब्दावर विसंबलेली नव्हती. टपाल देणारे व घेणारे निराळे होते, आणि दोन्ही टोकांना घड्याळे होती.

पुढे १९३८ साली जे. आर. डी. टाटा उद्योगांचे प्रमुख झाले. १९४८ साली त्यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली सरकारने हवाई कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या, तरी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. त्यासाठी ते वेतन घेत नसत. विमानाने प्रवास करताना दिसलेले दोष ते टिपून ठेवीत व अधिकाऱ्यांना कळवीत. एकदा तर चहाचा रंग कॉफीपासून ओळखता येत नाही, हेही त्यांनी लिहून पाठविले. अधिकाऱ्यांना अशा चिठ्ठ्यांचा कंटाळा येत असेलही! परंतु आपल्याच संस्थेचे उणे त्यांनी झाकून ठेवले नाही.

पहिल्या टपाल-उड्डाणाला ३० वर्षे झाली, तेव्हा १९६२ साली त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. १९८२ साली ५० वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. १५ ऑक्टोबर रोजी लेपर्ड मॉथ जातीचे जुने, एका इंजिनाचे विमान घेऊन ते एकटेच कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. धावपट्टीच्या कडेला त्यांच्या स्वागतास माणसे जमली होती.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन पॅरिस येथे, त्यांच्या जन्मगावीच करण्यात आले.