रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे आणि कामाचे तास

पवईच्या तलावाचे बांधकाम 1891च्या सुमारास पुरे झाले. त्याच काळात, 1890च्या जून महिन्यात, मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्यातून एक दिवस घरी बसण्याचा हक्क मिळाला. आम्ही रोज सकाळी या तलावाकाठी फिरावयास जातो, तेव्हा पाणी पाहता पाहता पुष्कळदा तो हक्क मिळवून देणाऱ्या पुरुषाची आठवण होते. आपल्या माळी समाजातील हे थोर गृहस्थ म्हणजे कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे नाव आपल्या घरांतून आदराने घेतले जाते, परंतु त्यांनी नेमके काय मागितले हे विचारले असता तरुण मंडळी गप्प बसतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाण्यास, फुलमाळी कुटुंबात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. (आम्हीही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, साम्य तेथेच संपते.) प्रथम रेल्वेत, मग टपालखात्यात नोकरी करून ते एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. कामगारांचे हाल त्यांनी पुस्तकात वाचले नाहीत, तर नित्य डोळ्यांसमोर पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यास सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र बंद पडले असता 1880 साली त्यांनी ते मुंबईत आणून पुन्हा चालविले.

त्या वेळच्या गिरणीचा दिवस कसा असे, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. विजेचे दिवे नव्हते. उजाडले की यंत्र सुरू व्हावे आणि मावळले की थांबावे, हा शिरस्ता. म्हणजे दिवसाचे माप घड्याळाकडे नव्हते, सूर्याकडे होते. उन्हाळ्यात दिवस वाढला की काम वाढे, परंतु पगार मात्र वाढत नसे. दुपारच्या सुटीची निश्चिती नव्हती. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसण्यास माणसे बोलावीत. 1881चा पहिला कारखाना कायदा झाला, त्याने 7 वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली आणि 12 वर्षांपर्यंतच्या मुलांस 9 तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्रीपुरुषांविषयी मात्र तो मूकच होता.

कायदा सुधारण्याचा विचार करण्यासाठी 1884 साली सरकारने कमिशन नेमले, तेव्हा नारायणरावांनी सप्टेंबर महिन्यात परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन कमिशनकडे दिले. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे. याच सुमारास मुंबईत गिरणी कामगारांची संस्था स्थापन झाली.

या मागण्यांत जादा वेतनाचा शब्दही नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. यात नवल नाही. ज्या दिवसाला शेवटच ठरलेला नाही, त्या दिवसात कोणता तास जादा म्हणावा? प्रथम दिवसाची कड आखावी लागते, मगच तिच्याबाहेरच्या तासाचा मोबदला मागता येतो. नारायणरावांनी ती कड आखण्याची मागणी केली. आमच्या मते त्यांच्या कार्याचा हाच गाभा होय, आणि चरित्रकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

सहा वर्षे लोटली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. 10 जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. 1891च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभर लागू झाली, स्त्रियांचे काम 11 तासांवर आले. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. पुढे विजेचे दिवे आले, तेव्हा 1905च्या सुमारास मुंबईच्या गिरण्या 14 ते 15 तास चालू लागल्या. 1911 साली कापडगिरण्यांतील पुरुषांस 12 तासांची मर्यादा आली, 1922 साली दिवसास 11 व आठवड्यास 60 तास ठरले आणि जादा तासास सव्वापट दर आला. 1946 साली 48 तासांचा आठवडा व दुप्पट दर झाला, आणि 1948च्या कायद्याच्या 59व्या कलमाने तो पक्का केला.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी साकीविहार रस्त्याकडील एका कारखान्यात तासावर कामास होता. तासास 60 रुपये, रोजचे 12 तास, हाती 720 रुपये. आम्ही त्यास पाटीवर मांडून दाखविले : पहिल्या 9 तासांचे 540, पुढील 3 तासांचे दुप्पट दराने 360, एकूण 900. रोजचे 180 रुपये बुडत होते. 26 दिवसांचे 4,680. अर्ज आम्हीच लिहून दिला. त्याने तो दोन महिने खिशात बाळगला आणि शेवटी न देताच नोकरी सोडली. त्याच्यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार नाही. घरी दोन लेकरे होती.

2025च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत आणि जादा कामाची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. ज्यांच्या घरची मुले तासावर राबतात, त्यांनी कामावर आल्यागेल्याची वेळ रोज वहीत टिपून ठेवण्यास त्यांस अवश्य सांगावे.

नारायणरावांस सरकारने रावबहादुर ही पदवी दिली. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा पुष्कळांनी शहर सोडले. ते मात्र रुग्णांच्या सेवेसाठी तेथेच राहिले. 1897च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने ते गेले. वय पन्नाशीच्या आतच होते. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले ते 2005 साली.